रेव्हरंड नारायण वामन टिळक : एका शिष्याचा प्रवास

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत परीक्षा आटोपताच मी आत्याकडे ग्वाल्हेरला निघालो. बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसले, की थेट ग्वाल्हेरला उतरता येते. मिरजेला आमच्या डब्यात आठ-दहा तरुण-तरुणींचा एक घोळका चढला. बरोबर ढोलकी, टाळ, रंगीत कागदांची खोकी आणि दोन-तीन कापडी बाहुल्या. मला वाटले, एखादी नाटक मंडळी असावी. ओळख झाल्यावर कळले, की ते सारे ख्रिस्ती महाविद्यालयीन विद्यार्थी होते. सुट्टीचे पंधरा दिवस मनमाडच्या बाजूच्या खेड्यांत राहायचे, मुलांचे वर्ग घ्यायचे, गाणी शिकवायची, छोटी नाटुकली करायची आणि पडेल ते काम करायचे, असा त्यांचा बेत होता. रोज रात्री एकत्र बसून बायबल वाचायचे व दिवसभरातल्या आपल्या वागण्याची झडती घ्यायची, हाही त्या बेताचाच भाग. याला ते शिष्यत्वाचे शिक्षण म्हणत. भाडे ज्याचे त्याने भरले होते.

माझ्या मनात जो प्रश्न आला, तोच वाचकांच्याही मनात येईल. मी त्यांच्यातल्या एकाला सरळच विचारले, की तुम्ही लोकांना बाटवायला चालला आहात काय? तो माझ्याच वयाचा. क्षणभर गोरामोरा झाला. मग म्हणाला, की आम्हांला जे खरे वाटते ते आम्ही सांगतो. पुढे काय करायचे ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. उत्तर प्रामाणिक होते, पण माझे समाधान झाले नाही. सातारा रात्रीच्या अंधारात मागे पडले. सकाळी नगर जवळ आले तेव्हा त्या मंडळींनी टाळाच्या ठेक्यावर एक भजन धरले. चाल ओळखीची, भाषा साधी व गोड. मी ते तुकोबांचे समजून बसलो. ते रेव्हरंड टिळकांचे आहे असे कळले, तेव्हा गोरेमोरे होण्याची पाळी माझी होती. शाळेच्या पुस्तकात भेटलेले फुलामुलांचे कवी टिळक, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

ग्वाल्हेरात आत्याचे घर लष्कर भागातल्या खासगी बाजारात आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती १८१० च्या सुमारास वाढलेले हे लष्कर, आणि शिंद्यांच्या पाठोपाठ आलेली मराठी घरे तेथे अजून नांदत आहेत. आत्याच्या बोलण्यात निम्मे हिंदी शब्द येतात. पण तिच्या काचेच्या कपाटात मात्र मराठी पुस्तके नीट कव्हर घालून ठेवलेली. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या कवितांशेजारीच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ होती. बाहेर लू वाहत असे, दुपारी चार तास घराबाहेर पडायची सोय नसे. त्या चार तासांत मी ते पुस्तक वाचून काढले आणि मग टिळकांवरचे आणखी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे चरित्र माझ्यापुढे उभे राहिले, ते येथे सांगत आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लोकमान्यांचे आणि यांचे आडनाव एक, जिल्हा एक, काळही जवळजवळ एकच. त्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. वडील वामनराव कडक स्वभावाचे, आई जानकीबाई भाविक आणि मायाळू. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याचे घरावरचे मन उडाले. तो नाशिकला आला. लोकांच्या आश्रयाने राहून त्याने गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळा मात्र त्याला फार थोडी लाभली. पदवी नाही, घरचा पैसा नाही. हाती होते ते पाठांतर, वक्तृत्व आणि कविता.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. वधू जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. तिचे वय अकरा-बारा. सासरी ती लक्ष्मी झाली. पुढची पंधरा वर्षे हा संसार म्हणजे एक न संपणारा प्रवासच होता. टिळक कोठे शिक्षक होत, कोठे कीर्तन-पुराण करीत, कोठे व्याख्याने देत. हाती आलेला पैसा गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येत. मनात आले, की घरात न सांगता निघून जात आणि बायको माहेरी वाट पाहत बसे. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत लिहिले आहे. पण त्या हसण्याखाली काय होते ते वाचणाऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही.

नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने टिळकांना थोडे स्थैर्य मिळाले. तेथे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. याच काळात त्यांच्या मनात एक विचार घर करून बसला होता. देशाची उन्नती व्हायची तर जातिभेद गेला पाहिजे, आणि तो जायचा तर धर्माचाच पाया नव्याने घातला पाहिजे, असे त्यांना वाटे. एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी अदबीने टिळकांना जागा करून दिली. बोलणे संस्कृत काव्यावर सुरू झाले आणि धर्मावर येऊन ठेपले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचीन असे वचन दिले होते, म्हणून वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना पुढे हलवेना. ज्या नव्या धर्माची तत्त्वे ते जुळवीत होते, ती तेथे आधीच मांडलेली त्यांना दिसली.

तरी घाई केली नाही. ख्रिस्ती नियतकालिकातून त्यांनी निनावी पत्रव्यवहार करून शंका विचारल्या. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधील जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतांची चरित्रे आणि अभंग इंग्रजीत आणणारे म्हणून प्रसिद्धीस आले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो मात्र त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता तुकाराम नाथोजी या मराठी पाळकाच्या हातून घेतला. त्यांचे पुढचे सारे आयुष्य या एका निवडीत बीजरूपाने आहे.

येथे मी थोडा थांबतो, कारण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि जमेच्या बाजूसमोर नावेची बाजू लिहिल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. या बाप्तिस्म्याची किंमत टिळकांनी एकट्याने दिली नाही. लक्ष्मीबाईंना ती बातमी समजली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आपल्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. साडेचार-पाच वर्षे नवराबायको वेगळी होती. टिळकांनी आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला जे पटले ते केले, हे खरे. पण जिचे आयुष्य त्या निर्णयाने मुळासकट हलणार होते तिला विश्वासात घेतले नाही, हेही खरेच. त्यांच्या थोरवीपुढे नमताना ही नोंद खोडून टाकणे मला बरोबर वाटत नाही. लक्ष्मीबाईंनीही ती खोडलेली नाही.

पण पुढे जे घडले ते टिळकांच्या खात्यावर जमेला धरले पाहिजे. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. तिचे सोवळे मोडू नये म्हणून स्वयंपाकपाण्याची वेगळी व्यवस्था केली. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने, त्यांच्याच वेळेला पटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याने स्वतःचा निर्णय कोणाला न विचारता घेतला होता, तो दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहायला शिकला होता. माझ्या मते टिळकांचे खरे शिष्यत्व येथून सुरू झाले.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर हे होते. आता त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात ते शिकवू लागले. या मिशनची जन्मकथा विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी कॉलेजची मुलेच होती. १८०६ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी माळावर जमले असता वादळ सुटले, आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. तेथेच त्यांनी आशियात जाऊन धर्मकार्य करण्याचा विचार केला. त्या विद्यार्थ्यांच्या चळवळीतून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल हा तरुण आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. हॉल मराठी शिकला, गावोगाव हिंडला आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने मरण पावला. १८३१ साली मिशनने नगरला ठाणे दिले. पुढे १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात अशाच शंभर तरुणांनी परदेशी कार्याला वाहून घेण्याचे ठरवले, आणि सुट्टी, शिबिर व सेवा यांची जगभर सांगड पडली. माझ्या डब्यातली मुले नकळत त्याच वाटेने चालली होती.

पण वाट जुनी असली तरी चालण्याची रीत टिळकांनी बदलली. त्यांच्यापुढे बसणारे विद्यार्थी मराठी खेड्यांतून आलेले. त्यांना घडवायचे साधन मात्र इंग्रजी धाटणीचे : परक्या चालीची भाषांतरित गीते, परकी उपमा, परका पोशाख. ख्रिस्त पटला म्हणून माणसाने आपली भाषा, आपले संगीत, आपला देश यांना पारखे का व्हावे, हा टिळकांचा प्रश्न होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी अभंग, ओव्या, भजने रचली, टाळमृदंगाला आणि कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले.

हे काम आमच्या सीमाभागाला अगदीच अनोळखी नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले होते. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना फर्डिनांड किट्टेल हे १८९४ च्या कोशामुळे माहीत आहेत. त्यांनीही ‘कथामाले’ या काव्यात ख्रिस्ताची कथा कन्नड छंदांत गुंफली होती. फरक इतकाच, की ते दोघे बाहेरून आत आले. टिळकांना घरात राहूनच दार उघडायचे होते. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले.

टिळकांच्या नगरच्या घरात माणसांचा राबता असे. अनाथ मुले, शिकणारी मुले, होतकरू कवी. त्यांतला सर्वांत तेजस्वी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि पुढे टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याच्या खोड्या, त्याचे रुसवे, त्याचे हट्ट पोटच्या मुलाच्या मायेने लिहून ठेवले आहेत. टिळकांनी त्याला कवितेची दृष्टी दिली, जेवू घातले, रागावले आणि सांभाळले; पण त्याला ख्रिस्ती केले नाही. बालकवी हिंदू म्हणून त्या घरात आले, हिंदू म्हणूनच राहिले आणि मराठी निसर्गकवितेचे भूषण ठरले. रेव्हरंड टिळकांचा साहित्यातला सर्वांत मोठा शिष्य बाप्तिस्मा न घेतलेला होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. आमची गाडी जळगाव सोडून भुसावळकडे जाताना ते छोटे स्टेशन खिडकीतून गेले. तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. परत येताना मात्र मी खिडकीपाशी उभा राहिलो.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व जण या दरबारात भाऊ म्हणून सारखे. परदेशी पैशावर व परदेशी अधिकारावर तो उभा राहायचा नव्हता. गुरुशिष्यांच्या आश्रमासारखा चालायचा होता. मिशनमधल्या अनेकांना हे धाडस पटले नाही, तर बाहेरच्यांना त्याच्यावर विश्वास ठेवणे अवघड गेले. मधल्या वाटेने चालणाऱ्याला दोन्ही बाजूंचे धक्के खावे लागतात.

दरबाराला रूप येण्याइतका वेळ टिळकांना मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा. पण आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. दरबार पुढे फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’चे सुरुवातीचे सुमारे अकरा अध्यायच लिहून झाले होते. ते महाकाव्य पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळा माहीत नव्हती, ज्यांना टिळकांनीच लिहायला-वाचायला शिकवले, त्यांनी आणखी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. जिला एके काळी न विचारता मागे ठेवले होते, तिनेच नवऱ्याचे अर्धे राहिलेले काम तडीस नेले.

आता ताळेबंद. रूढ हिशेबाने पाहिले तर टिळकांचे आयुष्य तोट्याचे दिसेल. जातभाई तुटले, मिशन सुटले, दरबार मोडला, महाकाव्य अपुरे राहिले. जमेच्या बाजूला काय? काही शे गीते, एक शिकलेली पत्नी, एक वेडा हिंदू कवी, आणि एक कल्पना : की शिष्य होण्यासाठी माणसाला आपल्या मातीतून उपटावे लागत नाही. पण शंभर वर्षे उलटल्यावर धावत्या गाडीत वीस वर्षांची मुले ज्याचे भजन टाळावर म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते तुकोबांचे वाटते, त्याला तोट्यात गेला असे म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

त्या मुलाला मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला खासगी बाजारात, आत्याच्या माजघरात मिळाले. सुट्टीत खेड्यात जाऊन सेवा करणे चांगलेच आहे. ते ख्रिस्ती मुलांनी करावे तसे आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही करावे. पण पंधरा दिवसांत आपण कोणाला काय शिकवले यापेक्षा आपण कोणाची वाट पाहायला शिकलो का, ही कसोटी मोठी आहे. टिळकांना ती शिकायला पाच वर्षांचा विरह लागला. ती शिकल्यानंतर त्यांनी पत्नीला वेळ दिला, ठोमऱ्यांना मोकळीक दिली आणि दरबाराचे दार सताड उघडे ठेवले. आपल्याला पटलेले सत्य मोकळेपणाने सांगावे आणि समोरच्याच्या नकारालाही तितकाच मान द्यावा, हे ज्याला जमले त्याला कोणत्याही धर्माचा शिष्य म्हणून घ्यायला हरकत नाही.

परतीच्या प्रवासात राहुरी आणि नगर पुन्हा लागले. ती मुले त्या गाडीला नव्हती. असती तर त्यांना एवढेच सांगणार होतो, की माझा प्रश्न चुकीचा नव्हता, पण विचारण्याची रीत चुकीची होती. आणि ते भजन पुन्हा एकदा म्हणा.

— एक विद्यार्थी, बी. कॉम., द्वितीय वर्ष